गरिबाघरचे स्वयंपाकघर दाखवणारे जुने इंग्लिश जलरंगचित्र: ते कोणाचे, त्याचे काय झाले आहे आणि ठाण्यात ते कसे टिकेल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहत असताना आपण तिथल्या एका लिलावात एक जुने जलरंगचित्र विकत घेतले. त्यात एका गरीब खेडुताच्या घरातले स्वयंपाकघर आहे. भिंतीतल्या चुलीजवळ पांढरी टोपी घातलेली वृद्ध बाई बटाटे सोलत बसली आहे, तिच्या पायाशी एक लहान मूल आहे, मागच्या फळीवर निळ्या नक्षीच्या बशा मांडल्या आहेत आणि डाव्या बाजूच्या खिडकीतून थोडे आकाश दिसते. चित्रावर सही नाही, मात्र कागदाच्या पाठीमागे पेन्सिलने ‘हंट’ असे लिहिलेले आहे. टोपीवर काळसर डाग पडले आहेत, आकाश गुलाबी दिसते आणि कागदावर तपकिरी ठिपके उठले आहेत. हे चित्र नामांकित चित्रकार विल्यम हेन्री हंट यांचे असेल का, ते स्वच्छ करून घ्यावे का आणि ठाण्याच्या घरी दिवाणखान्यात लावले तर चालेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

कागदावरच्या कलाकृतींचे संवर्धन हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे मी या प्रश्नांची उत्तरे नेहमीच्या क्रमाने देणार नाही. चित्र कोणाचे, हा प्रश्न सगळ्यांना आधी पडतो. पण आपण ज्या खुणांना दोष समजत आहात, त्या काळ्या टोपीत आणि गुलाबी आकाशातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. म्हणून त्या खुणा नीट वाचून होईपर्यंत चित्राला कोणीही हात लावू नये, अशी माझी पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती आहे.

तरीही हंट यांच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्यांचा जन्म १७९० मध्ये लंडनमध्ये झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर होते आणि मुलाच्या पायांत जन्मापासून व्यंग होते. जॉन व्हार्ली या जलरंगचित्रकाराकडे त्यांनी उमेदवारी केली, १८०८ मध्ये रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश घेतला, आणि जलरंगचित्रकारांच्या ज्या संस्थेची स्थापना १८०४ मध्ये झाली होती तिचे ते १८२४ मध्ये सहयोगी व १८२६ मध्ये पूर्ण सदस्य झाले. पक्ष्यांची घरटी आणि फळे यांच्या अतिशय बारकाईने केलेल्या चित्रांमुळे लोक त्यांना ‘घरट्यांचे हंट’ म्हणत. पण माझ्या मते त्यांची खरी ताकद त्याआधीच्या काळातल्या घरांच्या अंतर्भागांत आहे. चालणे कठीण असल्याने लांबवर हिंडून निसर्गदृश्ये रंगवणे त्यांना सोयीचे नव्हते. खोलीत बसून समोरची भिंत, दार, पिंप, टोपली आणि त्यांच्यामध्ये बसलेले माणूस तासन्‌तास न्याहाळणे त्यांना शक्य होते, आणि त्या नजरेचा निवांतपणा त्या चित्रांत उतरला आहे. १८६४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८७९-८० मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. हंट यांच्या चित्रांना मोठी मागणी होती.

मागणी आली की नाव लावण्याचा मोहही येतो. आपल्या चित्रामागचे ‘हंट’ हे अक्षर कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने लिहिले हे कळल्याशिवाय त्याला पुरावा मानता येत नाही. हंट आपल्या चित्रांवर सहसा खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत नाव घालत. शिवाय त्या शतकात हंट आडनावाचे इतरही चित्रकार होते. त्यांपैकी विल्यम होल्मन हंट आणि निसर्गदृश्ये रंगवणारे आल्फ्रेड विल्यम हंट ही दोन नावे तर लिलावांच्या याद्यांत वारंवार एकमेकांत मिसळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधली दुकाने नकला करून शिकण्यासाठी मूळ चित्रे भाड्याने देत. स्ट्रँडवरचे आकरमन यांचे दुकान आणि रॅथबोन प्लेसमधले फुलर यांचे दुकान त्यासाठी प्रसिद्ध होते. घरी बसून जलरंग शिकणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलींनी अशा शेकडो नकला केल्या आणि कोणाच्या चित्रावरून नकल केली ते नाव पाठीमागे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. दोन पिढ्यांनंतर मात्र तेच नाव चित्रकाराचे म्हणून वाचले जाते.

आता टोपीकडे येऊ. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात टोपीवरचे काळे डाग पाहा. मळ असेल तर तो कागदाच्या खळग्यांत बसलेला आणि कडा नसलेला दिसेल. पण आपण पाठवलेल्या छायाचित्रात ते डाग कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या आकाराचे आहेत. टोपीच्या झालरीवर, मडक्याच्या काठावर आणि मुलाच्या गालावर, म्हणजे नेमके जिथे चित्रकाराने उजेडाची चमक दाखवली असती तिथेच ते पडले आहेत. ते मुळात पांढरेच होते. शिशापासून बनवलेला पांढरा रंग तिथे लावला गेला असावा. कोळशाच्या धुरातून आणि दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधून बाहेर पडणाऱ्या गंधकयुक्त वायूशी त्याचा संयोग होऊन काळे लेड सल्फाइड तयार झाले. तैलचित्रात तेलाचे आवरण अशा रंगाचे रक्षण करते, जलरंगात तो जवळजवळ उघडाच असतो. त्यामुळे आज चित्रातला उजेड उलटा झाला आहे आणि मडके एका बाजूने जळल्यासारखे दिसते.

या खुणेचा काळाशीही संबंध आहे. विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या कंपनीने १८३४ मध्ये जस्तापासून बनवलेला ‘चायनीज व्हाइट’ हा पांढरा जलरंग बाजारात आणला. तो काळा पडत नाही, म्हणून जलरंगचित्रकारांनी तो झपाट्याने आपलासा केला. हंट तर त्याचे इतके भोक्ते झाले, की उत्तरायुष्यातल्या फळांच्या आणि घरट्यांच्या चित्रांत ते आधी या पांढऱ्या रंगाचा जाड थर देत आणि त्यावर शुद्ध रंगांचे बारीक ठिपके व रेघा मांडत. म्हणजे आपल्या चित्रात शिशाचा पांढरा असेल, तर ते हंट यांच्या उत्तरकाळातले असण्याची शक्यता कमी होते. त्यांच्या आधीच्या काळातल्या घरांच्या चित्रांत बोरूने तपकिरी शाईची मोकळी रेघ काढून तिच्यावर रंगांचे पातळ हात दिलेले आढळतात. आपल्या चित्रात, निदान छायाचित्रात तरी, अशी शाईची रेघ कुठेच दिसत नाही. बाईचा चेहरा आणि हात ठिपक्याठिपक्यांनी भरलेले आहेत. ठिपक्यांची उशिराची रीत आणि काळा पडणारा जुना पांढरा रंग एकाच चित्रात आढळणे, हे हंट यांच्या हातापेक्षा त्यांची रीत पाहून शिकलेल्या दुसऱ्या कोणाच्या हाताशी अधिक जुळते. माझा कौल आज तरी तिकडे झुकतो. बाईच्या गुडघ्यावरची घडी आणि सोललेल्या बटाट्याची लोंबती साल ज्या आत्मविश्वासाने रंगवली आहे, त्यावरून हा हात नवशिक्याचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

खिडकीतले आकाश हा या चित्राचा सर्वांत बोलका भाग आहे. ते सूर्यास्ताचे गुलाबी आकाश नाही. त्या काळी ढगांचा करडा रंग करण्यासाठी चित्रकार नीळ आणि इंडियन रेड हा गेरूच्या जातीचा लोहयुक्त तांबडा रंग एकत्र करत. ब्रिटनमध्ये तेव्हा येणारी नीळ मुख्यत्वे बंगालच्या मळ्यांतली होती. लोहाचा तांबडा रंग उन्हाला दाद देत नाही, तर वनस्पतीपासून काढलेली नीळ जलरंगाच्या पातळ थरात उजेडाने हळूहळू उडून जाते. मिश्रणातला निळा भाग गेला की उरते ते गुलाबी-तांबूस आकाश. हीच गोष्ट हिरव्या रंगाची होते: नीळ आणि गॅम्बोज हा पिवळा राळेचा रंग मिसळून केलेली झाडे वयाबरोबर तपकिरी पडतात. आपल्या चित्रात खिडकीबाहेरची वेल तपकिरी आहे म्हणून ते शरद ऋतूचे दृश्य असावे, असे आपण लिहिले आहे. मला तो जून महिन्यातला हिरवा वेल वाटतो.

याची खात्री करण्याचा एक साधा मार्ग आहे. चित्राभोवती पुठ्ठ्याची जी कापलेली खिडकी असते, जिला फ्रेमवाले माउंट म्हणतात, तिच्या कडेखाली चित्राची दोन-चार मिलिमीटरची पट्टी झाकलेली राहते. संवर्धक माउंट सोडवील तेव्हा ती पट्टी नीट पाहावी आणि तिचे छायाचित्र काढून ठेवावे. उजेड न लागलेल्या त्या अरुंद पट्टीत आकाश अजून निळसर करडे आणि वेल हिरवा असू शकतो. अनेक चित्रांत मी ही सीमारेषा पाहिली आहे. एका बाजूला चित्रकाराने रंगवलेली दुपार असते आणि दुसऱ्या बाजूला दीडशे वर्षांच्या भिंतीवरच्या उजेडाने ठेवलेला उरलासुरला रंग. गेलेला रंग परत आणण्याचा कोणताही उपाय नाही आणि असलेल्या रंगावर नवा रंग चढवणे हे संवर्धन नव्हे.

रंग उडण्याचा हा वाद एकोणिसाव्या शतकातही पेटला होता. १८८६ मध्ये राजसंग्रहातल्या चित्रांचे पर्यवेक्षक जॉन चार्ल्स रॉबिन्सन यांनी ‘टाइम्स’ वृत्तपत्रातून राष्ट्रीय संग्रहातली जलरंगचित्रे उजेडात नष्ट होत असल्याची तक्रार केली आणि चित्रकारांनी तिला जोरदार विरोध केला, कारण आपला माल टिकत नाही असे गिऱ्हाइकांना वाटले तर धंदा बसेल ही भीती खरी होती. त्यातून सरकारी चौकशी निघाली आणि विल्यम जेम्स रसेल व विल्यम अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी रंगांच्या पट्ट्या काचनळ्यांत ठेवून, अर्ध्या झाकून, उन्हात तपासल्या. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने दोन गोष्टी दाखवून दिल्या: अनेक सेंद्रिय रंग उजेडाने खरोखरच उडतात, आणि हवेतला ओलावा व प्राणवायू नसेल तर बहुतेक रंगांचे उडणे फार मंद होते. दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या वाचकापेक्षा ठाण्यातल्या वाचकाने जास्त ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कागदाविषयी संक्षेपाने सांगतो. चित्र उजेडासमोर धरून पाहण्याची घाई करू नये. माउंट सोडवल्यावर संवर्धकच ते करील. ‘व्हॉटमन’ हे इंग्लिश कागद कारखानदाराचे नाव आणि एखादे साल वॉटरमार्कमध्ये, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणाऱ्या खुणेत, दिसले, तर त्या सालाआधी चित्र काढलेले असू शकत नाही एवढे निश्चित होते. नाव पुढे दुसऱ्या गिरण्यांनीही वापरले आणि युरोपात त्याची नक्कलही झाली, त्यामुळे नुसते नाव पुरेसे नाही. त्या काळचा चांगला इंग्लिश कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांचा आणि जिलेटिनची खळ दिलेला असे, तो अजूनही दणकट असतो. तपकिरी ठिपके बहुधा त्या कागदापेक्षा पाठीमागे नंतर लावलेल्या लाकडी लगद्याच्या पुठ्ठ्याची आणि ओलाव्याची देणगी आहेत. बुरशी आणि कागदातले लोहाचे कण ही त्यांची नेहमीची कारणे आहेत.

चित्रातल्या वस्तूही काही सांगतात, मात्र त्यांच्यावर फार भार टाकू नये. छापील निळ्या नक्षीच्या बशा अठराव्या शतकाच्या शेवटी स्वस्त होत गेल्या आणि पुढे साध्या घरांतही पोचल्या, तेव्हा त्यांवरून काळ बांधता येत नाही. रॉकेलचा दिवा चित्रात असता तर ते १८५० च्या दशकानंतरचे ठरले असते. तो नाही, पण एखादी वस्तू नसणे हा दुबळा पुरावा असतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती खोलीची मांडणी. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे मोडून उठाव केला, १८३४ च्या कायद्याने मदत मागणाऱ्या गरिबांना कामगृहाच्या, म्हणजे आसऱ्याच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या सरकारी निवासाच्या, दारात उभे केले, आणि त्याच वर्षांत लंडनच्या पॉल मॉल ईस्टमधल्या जलरंग संस्थेच्या दालनात झाडलेली जमीन, चकचकीत भांडी आणि समाधानी आजी असलेली खेड्यातली घरे हौसेने विकली जात होती. ती ज्यांच्या बैठकीत लागणार होती, त्यांना त्या आजीची भूक बघायची नव्हती. म्हणून अशा चित्रांविषयी मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: चित्रकाराने या घराकडे खरोखर पाहिले आहे का? आपल्या चित्रात बाईच्या एप्रनला कोपऱ्यापाशी वेगळ्या कापडाचे ठिगळ आहे, चुलीवरच्या भिंतीला धुराचा एका बाजूला ओढलेला पट्टा आहे, आणि फळीवरच्या चार बशांपैकी एकीचा काठ उडालेला आहे. शोभेसाठी कोणी हे घालत नाही. चित्र कोणाचेही निघो, ते माणूस त्या खोलीत बसून आले होते, आणि माझ्या मते या चित्राची किंमत तिथे आहे.

स्वच्छतेच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, निदान घरी किंवा फ्रेमवाल्याच्या दुकानात तरी. जलरंग डिंकात कालवलेले असतात आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ओल्या बोळ्याचा एक फटकारा आजीचा गाल पुसून टाकू शकतो. पावाचा गर घासणे, लिंबू, ब्लीचिंग पावडर, औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड, हे सगळे उपाय इंटरनेटवर सापडतील आणि सगळेच टाळावेत. काळ्या पडलेल्या शिशाच्या पांढऱ्यावर पेरॉक्साइडची क्रिया करून त्याचे पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये रूपांतर करता येते हे खरे आहे. पण तो थेंब कुठे, किती आणि कोणत्या द्रावणातून द्यायचा, आणि मुळात तो रंग शिशाचाच आहे का, हे तपासून ठरवायचे काम प्रशिक्षित संवर्धकाचे आहे. आपण इंग्लंडमध्ये असतानाच हे तपासून घ्यावे. तपकिरी ठिपके मला तरी तसेच राहू द्यावेसे वाटतात. ठिपके घालवण्यासाठी कागद धुतला, तर बाकीचा रंगही पणाला लागतो.

आता ठाण्याचा प्रश्न. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५-७० टक्क्यांच्या पुढे जिलेटिनची खळ दिलेल्या कागदावर बुरशी धरण्याची शक्यता झपाट्याने वाढते. कसर आणि वाळवी यांचे आवडते खाद्यही हीच खळ आणि हाच कागद. म्हणून चित्राचा जुना पुठ्ठा काढून आम्लविरहित सुती पुठ्ठ्याचे माउंट करून घ्यावे, चित्र गव्हाच्या सत्त्वाची खळ लावलेल्या जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी फक्त वरच्या कडेला टांगावे, आणि काच, माउंट व पाठीचा फलक यांचा एकच संच कडेने टेपने बंद करून मग तो फ्रेममध्ये बसवावा. काच चित्राला टेकता कामा नये. माउंटची जाडी त्यासाठीच असते. पाठीमागे पांढरा गोंद लावून चित्र हार्डबोर्डवर चिकटवण्याची आपल्याकडच्या अनेक दुकानांतली पद्धत मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये, कारण तो गोंद नंतर कागद फाडल्याशिवाय सुटत नाही.

जागा निवडताना बाहेरची भिंत टाळावी, कारण पावसात ती आतून ओल धरते. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मागून हवा खेळती ठेवावी. स्वयंपाकघराची आणि देवघराच्या समईची भिंत नको. वातानुकूलन दिवसातून चार तास चालवून बंद करण्याने आर्द्रता वरखाली होत राहते आणि जाड रंगाचे थर सुटू लागतात, त्यापेक्षा पंख्याची स्थिर हवा बरी. उजेडाचे म्हणाल, तर संग्रहालये जलरंगांवर साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेडाची तीव्रता मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. उजेडाचे नुकसान साठत जाते, म्हणून ५०० लक्सच्या खिडकीजवळ गेलेला एक दिवस संग्रहालयातल्या दहा दिवसांइतका ठरतो. अतिनील किरण अडवणारी काच अवश्य घ्यावी, पण दृश्य उजेडही रंग उडवतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. माझा सल्ला असा, की दिवाणखान्यात वर्षातून साधारण चार कोरडे महिने चित्र लावावे, दिवाळीपासून होळीपर्यंत म्हणा, आणि उरलेला काळ ते आम्लविरहित पेटीत, कपाटाच्या मधल्या फळीवर, आडवे ठेवावे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतल्या आपल्याकडच्या जुन्या जलरंगचित्रांसाठीही मी हेच सांगतो; पावसाळी हवेला चित्र कोणत्या देशाचे आहे याच्याशी देणेघेणे नसते.

आणखी एक व्यावहारिक बाब. शंभर वर्षांहून जुनी चित्रे भारतात १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. पुढे कधी परत इंग्लंडला जायचे झाले तर हे चित्र सहज बरोबर नेता येईल असे गृहीत धरू नका. लिलावाची पावती, यादीतली नोंद आणि आयातीची कागदपत्रे जपून ठेवा, आणि आणण्याआधी सीमाशुल्क व पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात लेखी चौकशी करा. जुना पुठ्ठा काढल्यावर त्याच्या पाठीवर फ्रेमवाल्याची किंवा दुकानाची चिठ्ठी असेल तर ती फेकू न देता वेगळ्या पाकिटात ठेवा. ती चिठ्ठी, माउंटखालची पट्टी, वॉटरमार्क आणि तिरप्या उजेडात घेतलेला बाईचा चेहरा अशी चार छायाचित्रे पाठवलीत, तर चित्रकाराविषयी मी आजच्यापेक्षा अधिक ठामपणे बोलू शकेन.